बागेतलं मोफत वाय-फाय पहिल्यांदा वापरताना

बागेच्या फाटकावर ‘येथे मोफत वाय-फाय उपलब्ध आहे’ असा फलक दिसला, म्हणून आत वाय-फाय असेलच असं धरून चालू नका. मुंबईत २०१७ च्या जानेवारीत ‘आपले सरकार मुंबई वाय-फाय’ सुरू झालं, तेव्हा पहिल्या टप्प्यात पाचशे हॉटस्पॉट होते आणि महाराष्ट्र दिनापर्यंत बाराशेवर जायचं ठरलं होतं. पुण्यात २०१८ च्या सुरुवातीला स्मार्ट सिटी योजनेतून ‘गुगल स्टेशन’ या गुगलच्या मोफत सेवेचं वाय-फाय दीडशेच्या आसपास ठिकाणी आलं. त्यात बागा होत्या, दवाखाने होते, पोलीस ठाणीही होती. मग २०२० मध्ये गुगलने या सेवेचा कारभारच आवरता घेतला. अशा योजना येतात-जातात, ठेकेदार बदलतो, नेटवर्कचं नाव बदलतं. फलक काढायला मात्र कुणी फिरकत नाही.

म्हणून शहरात नवीन असाल तर आधी एकदा नुसते फिरायला जा आणि वाय-फाय खरंच लागतं का, किती वेळ लागतं ते बघून या. ऑनलाइन मुलाखत किंवा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस बागेच्या भरवशावर टाकू नका. शिवाय पुण्यातल्या बऱ्याच महापालिकेच्या बागा दुपारी बंद असतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करायला आलेली मुलं दुपारी बारा वाजता लॅपटॉप घेऊन फाटकाशी येतात आणि कुलूप बघून परत जातात, हे दृश्य नवं नाही. वेळा फाटकावरच लिहिलेल्या असतात, त्या आधी वाचा.

फलकाशी दोन मिनिटं

फलकावर तीन गोष्टी शोधायच्या: नेटवर्कचं नेमकं नाव, दिवसाला किती वेळ किंवा किती डेटा मोफत, आणि तक्रारीचा नंबर. फलकाचा फोटो काढून ठेवा, पुढे दोन ठिकाणी लागेल.

नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. वाय-फायला कुणीही काहीही नाव देऊ शकतं, त्यासाठी परवानगी लागत नाही. शेजारच्या बाकावरचा माणूस आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला ‘फ्री गार्डन वाय-फाय’ म्हणू शकतो आणि तुमच्या यादीत ते खऱ्याच्या वर दिसेल, कारण तो जवळ बसलाय. सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण आहेत, म्हणजे नेटवर्क खरं आहे असं नाही. वॉचमनला विचारायला हरकत नाही, पण बिचाऱ्याला बहुतेक वेळा कुणी काही सांगितलेलंच नसतं.

क्यूआर कोड असेल तर स्कॅन करण्याआधी त्याच्या कडेवरून नख फिरवून बघा. मूळ कोड फलकाबरोबर छापलेला असतो, नख अडकत नाही. वरून चिकटवलेला असेल तर कागदाची कड हाताला लागते, आणि तो बहुधा किंचित तिरका असतो. महापालिकेनेच नवीन कोड चिकटवला असेल अशीही शक्यता आहे. तरी अशा वेळी कोड सोडून द्यावा आणि वाय-फायच्या यादीतून नाव निवडून जोडावं. काही बिघडत नाही.

जोडण्याआधी फोनला आवरा

हा भाग लोक हमखास टाळतात, आणि मग ‘मोफत वाय-फाय अर्ध्या तासात संपलं’ म्हणून कुरकुरतात. वाय-फाय मिळालं की फोन समजतो आपण घरी पोचलो. लगेच फोटोंचा बॅकअप सुरू होतो, अ‍ॅपचे अपडेट उतरायला लागतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवरच्या सुप्रभातच्या चित्रफिती आपोआप डाउनलोड होतात. तुम्ही एक पान उघडायच्या आत तुमचा मोफत कोटा मावशीच्या गुलाबांनी खाल्लेला असतो.

यावर बहुतेक वेळा एकच उपाय पुरतो. अँड्रॉइड फोनवर त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायचं, करा; आयफोनवर त्याच जागी ‘लो डेटा मोड’ आहे. फोन मग हात आखडता घेतो. विंडोज लॅपटॉपवरही ‘मीटर्ड कनेक्शन’ची सोय आहे, ती चालू करा, नाहीतर विंडोजला नेमका तेव्हाच मोठा अपडेट आठवतो.

लॅपटॉपवर आणखी एक. विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ असे दोन पर्याय असतात, तिथे ‘पब्लिक’ ठेवायचं. त्याने तुमचा लॅपटॉप त्या नेटवर्कवरच्या इतरांना दिसत नाही आणि फाइल शेअरिंग बंद राहतं. फोनवर एअरड्रॉप किंवा क्विक शेअर (जवळच्या फोनशी फाइल देण्याघेण्याची सोय) ‘सगळ्यांसाठी’ उघडं असेल तर तेही ‘फक्त ओळखीचे’ असं करून घ्या.

लॉगिनचं पान

नेटवर्क निवडलं की काही सेकंदांत एक पान आपोआप वर यायला हवं. आलं तर उत्तम. नाही आलं तर नवखा माणूस इथेच अडकतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिलं कारण म्हणजे मोबाइल डेटा. वाय-फायला इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि लॉगिनचं पान येतच नाही. तेवढ्यापुरता डेटा बंद करा. ‘मग ओटीपी कसा येणार?’ असं हमखास विचारलं जातं. साध्या एसएमएसला डेटा लागत नाही, तो येतो.

दुसरं कारण व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारं अ‍ॅप) किंवा फोनच्या सेटिंगमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’. दोन्ही लॉगिनच्या पानाला आडवे येतात. लॉगिन होईपर्यंत बंद ठेवा, नंतर चालू करा.

तिसरं असं की तुम्ही उघडताय ते पान एचटीटीपीएसचं, म्हणजे कुलूपबंद असतं. त्याच्या मध्ये शिरून वाय-फायला आपलं लॉगिन दाखवता येत नाही. ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ (neverssl.com) टाकून बघा. ही साइट मुद्दाम कुलूप न लावता ठेवलेली आहे, नेमकी याच कामासाठी. बहुतेक वेळा तिच्या जागी लॉगिनचं पान उघडतं.

आणि ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ यावरच फोन फिरत राहिला तर तुमची चूक काही नाही. वाय-फाय देणाऱ्या डब्याकडचे वाटायचे पत्ते बहुधा संपलेत, म्हणजे संध्याकाळची गर्दी झालीय. थोड्या वेळाने बघा.

पान उघडलं की ते काय मागतंय याकडे लक्ष द्या. मोबाइल नंबर, ओटीपी, फार तर नाव, एवढं रास्त आहे. ईमेलचा पासवर्ड, आधार क्रमांक, कार्डाचा नंबर, जन्मतारीख यातलं काही मागितलं की बंद करून उठा. ‘वेगवान इंटरनेटसाठी हे अ‍ॅप डाउनलोड करा’ म्हणून एपीके फाइल द्यायला लागलं तर तेच. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी एका माणसावर असा गुन्हा दाखल केला की त्याने विमानतळांवर आणि विमानात खऱ्यासारख्या नावाचं खोटं वाय-फाय चालवलं. हवेतून जाणारी माहिती पकडायच्या भानगडीत तो पडला नव्हता. जोडणाऱ्यापुढे खोटं लॉगिन पान यायचं आणि लोक आपण होऊन ईमेल किंवा सोशल मीडियाचा पासवर्ड त्यात भरायचे. म्हणून सार्वजनिक वाय-फायची सगळी भीती एका जागी गोळा करायची तर ती या पानावर करा असं मी म्हणेन.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दोन चौकोन असतात. एक ‘अटी मान्य आहेत’, तो टाळता येत नाही. दुसरा ‘ऑफर आणि माहिती पाठवण्यास संमती’, तो पुष्कळदा आधीच टिक करून ठेवलेला असतो. तो काढा. राहून गेला आणि जाहिरातींचे एसएमएस सुरू झाले, तर १९०९ वर ते बंद करून घेता येतात.

काही ठिकाणी नेटवर्कच्या नावात ‘पीएम-वाणी’ दिसेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. त्यात चहाची टपरी किंवा किराणा दुकानही परवाना न काढता वाय-फाय देऊ शकतं, त्यामुळे बागेबाहेरच्या भेळवाल्याच्या गाडीजवळ असं नेटवर्क मिळालं तर दचकू नका. यासाठी एक अ‍ॅप घ्यावं लागतं. ते फक्त प्ले स्टोअरवरून घ्या, समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून नको. थोडक्या पैशात कूपन मिळतं. पैसे यूपीआयने दिलेत तर लक्षात असू द्या, पिन पैसे देताना टाकायचा असतो. ‘परतावा मिळवण्यासाठी पिन टाका’ असं सांगून होणारी फसवणूक इथेही होते.

ओटीपी म्हणजे जामीन राहणं

बाकावर बसलाय, शेजारी एक नीटनेटका मुलगा येतो. ‘काका, माझ्या नंबरवर ओटीपीच येत नाहीये. तुमचा नंबर टाकू का? दोनच मिनिटांचं काम आहे, हॉल तिकीट काढायचंय.’ आपल्याकडे अशा वेळी नाही म्हणणं जिवावर येतं. तरीही नाहीच म्हणायचं. वाटलं तर हॉल तिकीट तुमच्या फोनवर, तुमच्या डोळ्यांसमोर काढून द्या, पण आपल्या नंबरवर त्याचा फोन जोडू देऊ नका.

हा ओटीपीचा नियम आला कुठून ते कळलं की संकोच जातो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. माग काढत तपास पोचला नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या इंटरनेट जोडणीपर्यंत. त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि कुणीतरी बाहेरून ते वापरून ईमेल पाठवला होता. चौकशीचा ससेमिरा मात्र लागला त्या माणसामागे. पुढच्या काही आठवड्यांत माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरची एक कंपनी यांचं वाय-फाय असंच वापरलं गेलं. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने नियम काढला: सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय देताना वापरणाऱ्याची ओळख नोंदली गेली पाहिजे. एकतर ओळखपत्राची प्रत घ्या, नाहीतर मोबाइलवर एसएमएसने लॉगिन पाठवा. आज तुमच्या फोनवर येतो तो ओटीपी यातलाच.

तेव्हा हे वाय-फाय फुकट असलं तरी बेनामी नाही. कोणत्या नंबरवरून, किती वाजता, कोणतं उपकरण जोडलं याची नोंद चालवणाऱ्याला ठेवावी लागते, आणि तपासात पोलीस ती मागू शकतात. तुमच्या नंबरवर दुसऱ्याने जे केलं ते आधी तुमच्या दारात येणार. ‘मी फक्त मदत केली’ हे खरं असलं तरी ते सिद्ध करत बसण्याचा ताप तुमचाच.

मुलांच्या हातात फोन देताना हेच ध्यानात ठेवा. बारा-चौदा वर्षांच्या मुलाने बागेत तुमच्या नंबरवर लॉगिन केलं की पुढचा सगळा वापर तुमच्या नावे.

काय करावं, काय राहू द्यावं

बातम्या, नकाशे, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूबवरचं व्याख्यान, पीडीएफ उतरवणं, रेल्वेचं वेळापत्रक, हे सगळं बिनधास्त करा. सार्वजनिक वाय-फायवर पान उघडलं की चोर सगळं वाचतो असं अजून सांगितलं जातं, ते जुनं झालं. आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत. मधल्या माणसाला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते कळू शकतं, तिथे काय लिहिलंत ते वाचता येत नाही.

ही सोय एका ठिकाणी मोडते. ब्राउझर लाल अक्षरात इशारा देतो की या साइटचं प्रमाणपत्र जुळत नाही, आणि खाली लहान अक्षरात ‘तरीही पुढे जा’ असतं. घरी असाल तर ती साइटवाल्याची ढिलाई असू शकते. बागेतल्या वाय-फायवर बँकेच्या किंवा ईमेलच्या साइटला असा इशारा आला, तर पुढे जायचं नाही. तडक वाय-फाय बंद करायचं.

बँकेचं काम, यूपीआय, डिजिलॉकर, प्रवेशाचा किंवा भरतीचा फॉर्म, हे मी मोबाइल डेटावर करतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. वाय-फाय धोक्याचं आहे हे त्यामागचं कारण थोडंच; खरी अडचण अशी की ते मध्येच तुटतं. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, ही पळापळ बागेत कशाला? दहा-वीस एमबीत होणारं काम आहे.

काही गोष्टी तर करायच्याच नाहीत. टोरंटवरून सिनेमे उतरवणं अटींमध्येच मना असतं, शिवाय एकाच्या टोरंटने बागभर सगळ्यांचं नेट बसतं. दुसऱ्याचं उपकरण धुंडाळणं, नेटवर्क पाडायचा प्रयोग करणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली येतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कॉलेजच्या मुलांनी यूट्यूब बघून ‘नुसतं करून पाहिलं’ तरी ते अंगाशी येऊ शकतं. लहान मुलांच्या लैंगिक चित्रफिती नुसत्या शोधणं किंवा उतरवणंही कलम ६७ब मध्ये गुन्हा आहे, पुढे पाठवलं नसलं तरी.

बसायचं कुठे

खांबावर किंवा कार्यालयाच्या भिंतीवर अँटेना असलेला पांढुरका डबा शोधा. त्याच्या अगदी पायथ्याशी बसू नका, चार पावलं लांब, समोर मोकळी जागा असेल असा बाक बघा. दाट झाडी सिग्नल खाते, आणि पाऊस पडून गेल्यावर ओली पानं जास्तच खातात, म्हणून पावसाळ्यात उन्हाळ्याइतकी रेंज मिळत नाही. एकाच नावाची दोन नेटवर्क दिसली, एकाच्या पुढे ‘५जी’ असेल, तर ते मोबाइलचं ५जी नव्हे. ते पाच गिगाहर्ट्झचं वाय-फाय. जवळ वेगवान, लांब गेलात की गायब. लांबच्या बाकासाठी २.४ बरं.

वेळ सकाळची चांगली. संध्याकाळी सहानंतर गर्दी आणि वेग दोन्हींची परीक्षा बघू नका. डबा बंद पडला तर खांबावर चढून वायर हलवणारे महाभाग मी पाहिलेत. त्या वायरमध्ये वीज असते. फलकावरच्या नंबरवर कळवा, तुम्ही काढलेला फोटो इथे कामाला येतो.

बाक फक्त नेटवाल्यांसाठी नाहीत, हे कोणत्याही फलकावर नसतं पण मानायचं असतं. आजोबा फेऱ्या मारून दमून आले तर बॅग उचलून जागा द्या. हेडफोनशिवाय व्हिडिओ लावू नका. व्हिडिओ कॉल करताना पाठ भिंतीकडे करून बसा, म्हणजे मागे व्यायाम करणाऱ्या बायका आणि घसरगुंडीवरची पोरं तुमच्या कॉलमध्ये येणार नाहीत. यावरून बागेत खरोखरच भांडणं होतात, आणि चूक फोनवाल्याचीच असते. चार्जिंगची सोय धरून चालू नका. पाण्याच्या पंपाच्या किंवा कारंज्याच्या खोलीतल्या सॉकेटला चार्जर लावणं तर अजिबात नको.

उठताना

लॉगिनच्या पानावर लॉगआउट असेल तर करा, उरलेला वेळ काही ठिकाणी शिल्लक राहतो. मग सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क ‘फर्गेट’ करा. हे एवढं का? फोन ओळखीचं नाव आठवत राहतो. उद्या स्टँडवर कुणी त्याच नावाचं नेटवर्क उभं केलं तर फोन तुम्हाला न विचारता जोडला जाऊ शकतो. फर्गेट करायचा कंटाळा असेल तर निदान ‘ऑटो कनेक्ट’ बंद ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा ओटीपी मागेल, तेवढा त्रास सोसा.

काही घडलंच तर

पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे ती. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी कळलं तर ते अडवता येतात, त्यामुळे घरी जाऊन, जेवून, मुलाला विचारून मग बघू असं करू नका. लागोपाठ बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करा. पासवर्ड दिला गेला असेल तर वाय-फाय तोडून मोबाइल डेटावरून तो बदला, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही. तक्रारीत नेटवर्कचं नाव, वेळ आणि बाग लिहा; फलकाचा फोटो जोडा.

परदेशातून सुट्टीला आलेल्यांची अडचण वेगळी. बऱ्याच ठिकाणी लॉगिनच्या पानावर +९१ आधीच भरलेलं असतं आणि ते बदलता येत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नंबरवर ओटीपी मागवताच येत नाही. अशा वेळी बाकावरच्या अनोळखी माणसाचा नंबर मागू नका, तो नाही म्हणाला तर रागही मानू नका. बरोबरच्या भावाच्या किंवा वहिनीच्या फोनचा हॉटस्पॉट घ्या. मुक्काम महिन्याभराचा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून इथलं प्रीपेड सिम घेणं सगळ्यात सोपं.